लाकडाखालचा नंबर

हसनाबाद
१२ जानेवारी २०२५

अंगद भाऊजी यांस,
साधनाचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडलं नसेल तर एवढं वाचा. तुमचा वापीचा पत्ता तुमच्या मित्रानं, सुमितनं दिला. त्याला बोल लावू नका. मी त्याच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिले तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं. आमच्या घरातले सगळे नंबर तुम्ही बंद करून ठेवलेत, म्हणून पत्र. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून माझा हात लिहिता राहिला आहे, तो आज उपयोगी पडला.

आबा कार्तिक पंचमीला गेले, हे तुम्हाला कळलं असेलच. शेवटी त्यांनी तुमचं नाव घेतलं की नाही, ते मी लिहीत नाही. घेतलं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल, आणि नाही घेतलं म्हटलं तर लगेच खरं वाटेल.

काम बंदुकीचं आहे. कोर्टाचा निकाल लागल्यापासून ती जालन्याला राधेश्यामजींच्या दुकानात जमा आहे. त्यांच्याकडे हत्यारं विकायचा आणि सांभाळायचा परवाना आहे. आबांच्या नावचा पीकसंरक्षणाचा परवाना आबांबरोबर संपला. आता वारसांनी ठरवायचं: कोणी आपल्या नावावर परवाना काढायचा, नाहीतर विकायची, नाहीतर सरकारजमा करायची. सरकारजमा झालेली हत्यारं वितळवतात म्हणे. आम्ही तेच ठरवलं आहे. वारस दोनच, तुमचे दादा आणि तुम्ही. दादांनी सही केली, तुमची राहिली. ना-हरकतीचा कागद सोबत ठेवला आहे. पेन्सिलीनं फुली केली आहे तिथं सही करा आणि तिकीट लावलेल्या पाकिटात घालून पाठवून द्या. एक अक्षर लिहायची गरज नाही.

दादांना घाई नव्हती, मीच मागे लागले. त्या लोखंडानं या घराचं पुरेसं वाटोळं केलं, आता ते घराच्या नावावर नको. तुम्हालाही तसंच वाटत असणार. जुनं उकरण्यात अर्थ नाही.

साधना


हसनाबाद
३ मार्च २०२५

अंगद भाऊजी,

सही आली नाही, पण त्याआधी दुसरंच घडलं आहे. ते तुम्हाला कळायला हवं.

जमा करताना बंदुकीचं वर्णन वारसांसमोर लिहावं लागतं, असा दुकानातून निरोप आला. शनिवारी मी आणि दादा जालन्याला गेलो. वर्णन काय लिहायचं? दादा बसमध्ये म्हणत होते, बनावट बंदूक, नंबर नाही, मालक मयत.

चौदा सालचं तुम्ही विसरला असाल असं नाही, पण मला ते ओळीनं लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि आबा नेहमीसारखे बंदूक जमा करायला ठाण्यात गेले. दर वेळी पावती मिळायची आणि आबा चहा पिऊन परत यायचे. त्या वेळचा जमादार नवा होता. त्यानं परवान्यावरचा नंबर बंदुकीवर शोधला, आणि नंबर नव्हता. असायला हवा तिथं लोखंड गुळगुळीत. त्यात मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा. तिथं उभ्या असलेल्या कोणीतरी सांगून टाकलं की लष्करी बंदुकीला मॅगझिन असतं, ही नकली आहे. दोनच महिन्यांपूर्वी दस्ता हलतो म्हणून तुम्ही ती दुरुस्तीला नेली होती. आबांनी उभ्या उभ्या तुमचं नाव सांगितलं. बाकीचं गावानं जुळवलं. आबाच सांगत आले होते ना, निजामाच्या फौजेतली बंदूक, हैदराबादचे शौकीन दहा लाख देतील म्हणून? मग झालं. धाकट्यानं असली विकली आणि नकली आणून ठेवली.

राधेश्यामजींनी बंदूक कापडावर ठेवली आणि ठोकळ्यावर बोट ठेवून दादांकडे बघून हसले.

"कल्याणराव, हिला नकली कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. हा ठोकळा..."

"ठोकळा हीच तर हिची खूण. ही आधी रायफल होती. मंग नळी आतून गुळगुळीत करून छर्‍याची केली, जेलवर, तिजोरीवर पहारा देणाऱ्यांसाठी. एका टायमाला एकच काडतूस. जास्तीची भरता येऊ नयेत म्हणून मॅगझिन काढून लाकूड बसवायचे. चारशे दहाची मस्केट. तुमच्या बापाच्या परवान्यावर बराबर तेच लिहून राह्यलं, अकरा वर्षांत कोणी वाचलं बी न्हाई का?"

दादा म्हणाले, "पण निजामाची..."

"निजामाचा हिच्याशी काय बी संबंध न्हाई. तुमच्या आबाला बोलायची हौस."

मग त्यांनी दोन पट्ट्या सोडवल्या, स्क्रू काढले आणि नळीखालचं लाकूड उचललं. आतलं तेल वाळून काळं झालेलं होतं. रॉकेलच्या चिंधीनं त्यांनी नळीचं पोट पुसलं. तिथं बंगालातल्या इशापूरच्या बंदूक कारखान्याचा शिक्का निघाला आणि त्याच्या शेजारी नंबर. राधेश्यामजी नळीवरचा वाचत होते आणि दादा परवान्यावरचा. एक अक्षर आणि चार आकडे. सगळे जुळले.

बंदूक तीच आहे, भाऊजी. आबांनी घेतली तीच. तुम्ही नेली तीच आणि आणली तीच. तालुक्याच्या कोर्टात पाच वर्षं केस चालली, तपासणीचा अहवाल आला, त्यात एवढंच होतं की बंदूक चालू आहे आणि नंबर घासलेला आहे. लाकूड उचलून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

दादांनी किंमत विचारली. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"किंमत? हिचं काडतूस आता मिळत न्हाई. बाजारातलं चारशे दहाचं हिला चालत न्हाई. परवानावाला एखादा शौकीन भेटलाच तर दहा-बारा हजार. न्हाईतर फुकट बी कोणी नेणार न्हाई. दहा लाखाला ही चोरून विकली म्हणता? असा चोर भेटला तर आधी त्याला दवाखान्यात न्या."

स्टँडवर दादांनी दोन चहा सांगितले आणि दोन्ही तसेच ठेवून दिले. बस सुटल्यावर म्हणाले, "गावात आत्ताच बोलायचं न्हाई. आबाचं वर्षश्राद्ध होऊ दे. मेलेल्या माणसाची शोभा नको."

मात्र राधेश्यामजींकडून त्यांच्या लेटरपॅडवर सगळं लिहून, शिक्का मारून घेतलं आहे. तो कागद सोबत पाठवते. नंबर कशानं गेला हे त्यांनाही सांगता आलं नाही.

साधना वहिनी


हसनाबाद
८ एप्रिल २०२५

अंगद,

आज भाऊजी नाही म्हणत. या घरात आले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, नाकाला शेंबूड, आणि तुला भाऊजी म्हणायचं म्हणून मला हसू आवरायचं नाही. तुला न्हाऊ घालताना मी म्हणायचे, भाऊजी, कान धुवा. तू खोटं खोटं रागवायचास. त्याच अंगदला हे लिहिते आहे.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. नंबर कशानं गेला ते राधेश्यामजींनी सांगितलं होतं. झिजलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे कानशीचं काम न्हाई. कानशीचे ओरखडे राहतात. हे लई सावकाश झालंय, वर्षानुवर्षं. कोणीतरी मन लावून घासलंय." दादा बाहेर पान खायला गेले होते. मी एकटीनं ऐकलं.

नंबर मी घासला.

लग्नानंतरचा पहिला दसरा. आत्याबाईंनी विळे, वखराची पास, कुऱ्हाड, कोयते सगळं अंगणात काढून दिलं आणि वर बंदूक. म्हणाल्या, पूजेला मांडायचं, चकचकीत कर. माहेरी मी तांब्या-पितळेची भांडी घासलेली, मला काय कळतं बंदूक कशी पुसतात? मी विटकरीची पूड घेतली आणि काथ्यानं घासली. आबा खूश. भावकीला बोलावून दाखवली, "आमच्या साधनानं बंदुकीची चांदी केली." सासरी आल्यावर कोणी माझं केलेलं पहिलं कौतुक ते. मग दर दसऱ्याला ती माझीच झाली. पुढं दादांच्या ट्रॅक्टरचं काम निघालं तेव्हापासून घरात पॉलिश पेपर यायला लागला, मग मी त्यानं घासायचे.

आणि ऐक. पूजेत तिला हळदी-कुंकू वाहायचो ना, ते त्या आकड्यांच्या खाचांत जाऊन बसायचं. पावसाळ्यात तिथं गंज धरायचा, काळाकुट्ट. बाकी बंदूक चांदीसारखी आणि तेवढ्याच जागी डाग. ते मला खपायचं नाही. म्हणून ती जागा मी सगळ्यांत जास्त घासायचे. आकडे फिके झाले तसं मला बरंच वाटलं. एका वर्षी डाग पडलाच नाही, तेव्हा मी आत्याबाईंना हाक मारून दाखवलं होतं.

हे अज्ञान झालं. अज्ञानाला माफी असते म्हणतात. पण पुढचं अज्ञान नाही.

आबा ठाण्यातून आले आणि ओसरीवर ओरडायला लागले, तेव्हा मी भाकरी करत होते. "नंबर घासलाय, नंबर घासणारा जेलात जातो," एवढं ऐकलं. तव्यावरची भाकरी उलटायच्या आत मला सगळं कळलं होतं. उठून बाहेर यायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. मी भाकरी उलटली. माझी शीतल दहावीला होती. अंगणवाडीची नोकरी नुकतीच लागली होती. आणि आबांनी तुझं नाव घेतलेलंच होतं. मला वाटलं, तू काही केलेलं नाहीस, तू सुटशील. निर्दोष माणसाला काय होतं, असं मी स्वतःला समजावलं. किती सोयीचं असतं बघ समजावणं.

तुझी पोलीस भरती झालेली. पहाटे जाफराबाद रोडला पळायचास, आल्यावर मी अंडी उकडून द्यायचे, आत्याबाईंपासून चोरून. यादीत नाव आलं त्या दिवशी तू मला सॅल्यूट ठोकला होतास. चारित्र्य पडताळणीचा कागद आला आणि त्यावर गुन्हा दाखल आहे असं लिहून गेला. पाच वर्षांनी कोर्टानं पुराव्याअभावी सोडलं, तोवर वय निघून गेलेलं. आज तू वापीत कुठल्याशा कारखान्याच्या गेटावर उभा असतोस, असं सुमित सांगतो. त्यानं आणखी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एक गोष्ट राहिली. ती लिहायची म्हणून तीन आठवडे हे पत्र अडलं आहे. आत्याबाई गेल्या तेव्हा तू आलास. आबा म्हणाले, "तिरडीला त्याचा हात लागू द्यायचा न्हाई." तू चिंचेखाली उभा राहिलास, पोटचा मुलगा असून. मी पाणी घेऊन आले. तू तांब्या घेतला नाहीस. मला विचारलंस, "वहिनी, तुम्हाला तरी वाटतं का मी विकली?"

मी म्हणाले, "मला बाईमाणसाला काय कळतं बंदुकीतलं."

तू माझ्याकडे बघितलंस आणि निघालास. तेव्हापासून मी रोज ते वाक्य परत म्हणून बघते. त्यात एकही शब्द असा नाही की ज्याच्यामागे मला लपता येईल.

आता कळलं असेल, सहीची घाई मला का होती. बंदूक वितळली की सगळं संपलं, असं मी धरलं होतं. लाकडाखाली नंबर असेल हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर दादांना दुकानातही जाऊ दिलं नसतं, इतकी मी वाईट आहे.

सही करू नकोस. तो कागद फाडून टाक. ती बंदूक हाच एक साक्षीदार आहे, बाकी सगळे मेले किंवा माझ्यासारखे आहेत. तू ये. मी ती दुकानातून रीतसर आणवीन, ठाण्यात ठेवीन, भावकीला बोलावून लाकूड उचलून दाखवीन आणि घासलं कोणी तेही सांगेन. मला शिव्या द्यायला ये. पण ये.

साधना


हसनाबाद
५ मे २०२५

अंगद,

आज पोस्टमन आला तेव्हा मी अंगणवाडीत होते. पाकीट दादांच्या हाती पडलं.

त्यात ना-हरकतीचा कागद होता, फुलीवर तुझी सही. खाली तारीख २६ एप्रिल. आणि माझी दोन पत्रं, मार्चचं आणि एप्रिलचं, दोन्ही चिकटवलेली तशीच. पहिलं तेवढं तू उघडलंस, ज्यात मी सही मागितली. दुसरी दोन तुझ्या हातात होती आणि तू ती न उघडता परत केलीस.

मीच लिहिलं होतं ना, एक अक्षर लिहायची गरज नाही. तू लिहिलं नाहीस.

दादांना मी म्हणाले, हा कागद देऊ नका. म्हणाले, "का? तुलाच घाई होती न्हवं? त्यानं बी सुटका केली, आपण बी करू." मग माझ्या पत्रांकडे बघून विचारलं, "यात काय लिहिलंस एवढं?" त्या वेळी सांगायला तोंड उघडलं होतं. शीतलचा नवरा आत आला आणि मी चहा ठेवायला उठले.

बघ, अजून तीच सवय.

साधना


हसनाबाद
२८ ऑक्टोबर २०२५

अंगद,

हे पत्रही तू उघडणार नाहीस. तरी लिहिते, कारण बोलायला दुसरं कोणी उरलं नाही.

बंदूक ऑगस्टात सरकारजमा झाली. नंतर दादा एकदा चौकशीला गेले होते, तर बाकीच्या हत्यारांबरोबर तीही वितळवायला गेली म्हणून कळलं.

परवा आबांचं वर्षश्राद्ध झालं. सगळी भावकी आली होती, ऐंशी-नव्वद पानं. पात्रं मांडली, वाढून झालं, आणि कोणी घास घ्यायच्या आत मी पंगतीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. पदर खोचलेला, हातात वरणाची बादली तशीच. अकरा वर्षं घरात जे बोलता आलं नाही, ते मी तिथं बोलले. बंदूक असली होती, अंगदनं ती विकली नाही, लाकडाखाली नंबर निघाला आणि वरचा मी घासला, दर दसऱ्याला, या हातांनी. कळलं होतं त्याच दिवशी आणि मी गप्प बसले. सगळं बोलले, काही राखलं नाही. दादा मान खाली घालून बसले होते.

मला वाटलं, आता उठतील, आता कोणीतरी पात्र लोटून देईल. मी त्याचीच वाट बघत होते.

थोरले काका म्हणाले, "सूनबाई, बंदूक कुठं हाय मंग? दाखव बरं."

"वितळवली."

"मंग कशावरून म्हणतेस?"

मी धावत घरात गेले. तुझं परत आलेलं मार्चचं पाकीट पेटीत होतं, ते फाडून राधेश्यामजींचा कागद आणला. काकांचा चष्मा घरी राहिला होता म्हणून पुतण्यानं वाचून दाखवला. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "दुकानदाराचा कागद. सांगितलं तसं लिहून देत्यात लोकं." पलीकडून एकानं विचारलं, "मंग ते दहा लाख अंगदनं कुठं घातले?" मी म्हणाले, नव्हतेच दहा लाख, बारा हजारांची बंदूक ती. तो म्हणाला, "बारा हजाराला विकली व्हय? येडाच हाय."

मी ओरडले. पंगतीत उभी राहून ओरडले, अंगद. विकली नाही, विकली नाही, मी घासली. तेव्हा भावकीतल्या उषाबाई उठल्या, माझ्या हातातली बादली घेतली आणि मला जवळ घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "कळतं ग बाई. लेकरावानी वाढवलंस त्याला. म्हणून त्याचं पाप अंगावर घ्यायला निघालीस. पण असं करू नये."

आणि मग सगळ्यांनाच ते कळलं. मला डोळ्यांसमोर दिसलं, एका पात्रावरून दुसऱ्या पात्रावर कसं गेलं ते. बायका डोळे पुसायला लागल्या. काका आबांच्या फोटोकडे बघून म्हणाले, "रखमाजीनं सून आणली ती देवी आणली. चोर दिरासाठी एवढं कोण करतं?" दादांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना खरं ठाऊक होतं. नंबर जुळताना ते माझ्या शेजारी होते. ते एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. ते म्हणाले, "बसा, बसा सगळे. अन्न थंड होऊन राह्यलंय."

लोक जेवले. बुंदी दोनदा फिरवावी लागली.

अंगद, मी सांगायच्या आधी गावातल्या निम्म्या लोकांना तुझी गोष्ट आठवतही नसेल. आता ती लहान पोरांनाही माहीत झाली, आणि तीत मी देवी आहे. चौदा साली मी गप्प बसून तुला चोर केलं. परवा बोलून पुन्हा केलं.

आज सकाळी उषाबाईंनी त्यांची नवी सून माझ्या पाया पडायला पाठवली. कोरी हिरवी साडी, हातात नारळ. म्हणाली, "आत्याबाई म्हणाल्या, त्यांच्यासारखी हो." मी पाय मागे घेतले. तिला वाटलं मी लाजते आहे. ती हसली आणि वाकून आणखी पुढे आली.

साधना